मूकपटांतील मूळ रहिवासी

चित्रपट हे आजच्या काळातील लोकशिक्षणाचे एक अत्यंत प्रभावी साधन आहे, ही गोष्ट आता कोणी नाकारील असे वाटत नाही. ग्रंथ वाचावयास अक्षरओळख लागते, व्याख्यान ऐकावयास भाषा कळावी लागते. चित्रपट पाहावयास मात्र डोळे उघडे असले की पुरे. त्याच्या या सुलभतेतच एक धोकाही आहे. जे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते खरेच असले पाहिजे, अशी मनुष्यमात्राची धारणा असते. छापील मजकुराविषयी शंका घेणारा चिकित्सक वाचकदेखील हलत्या चित्राविषयी सहसा शंका घेत नाही. आणि पृथ्वीच्या पाठीवरील ज्या लोकांस आपण कधी भेटलो नाही व बहुधा भेटणारही नाही, त्यांच्याविषयीची आपली बरीचशी समजूत अशा चित्रांवरूनच बनलेली असते. 'रेड इंडियन' म्हटले की पिसांचा मुकुट, घोडा, धनुष्यबाण आणि अंगावर काटा आणणारी आरोळी आपल्या मनात येते. 'एस्किमो' म्हटले की बर्फाचे घर आणि कातडी अंगरखा घातलेला हसरा शिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. ही चित्रे आपल्या मनावर कोणी उमटविली, त्यांत खरे किती आणि रचलेले किती, याचा थोडा अभ्यास विद्यार्थ्यांनी करावा या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

प्रथम नावांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १४९२ मध्ये कोलंबस अटलांटिक महासागर ओलांडून गेला, तेव्हा आपण हिंदुस्थानच्या आसपास पोहोचलो असा त्याचा समज झाला. त्या चुकीमुळे तेथील लोकांस 'इंडियन' हे नाव मिळाले. म्हणजे आपलेच नाव चुकून त्यांच्या कपाळी बसले! त्यांची स्वतःची नावे निराळी आहेत. कोणी लाकोटा, कोणी हो-चंक, कोणी क्वाक्वाकावाक्व. उत्तर ध्रुवाजवळील ज्या लोकांस आपण एस्किमो म्हणतो, ते स्वतःस इनुइट म्हणवितात व त्या शब्दाचा त्यांच्या भाषेतील अर्थ 'माणसे' असा आहे. या लेखात आम्ही शक्य तेथे त्यांनी स्वतः घेतलेली नावेच वापरणार आहोत.

काळ्या खोलीतील नृत्य

चित्रपटाच्या जन्माबरोबरच मूळ रहिवाशांचे चित्रण सुरू झाले, असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात वेस्ट ऑरेंज येथे एडिसनच्या प्रयोगशाळेच्या आवारात एक विचित्र इमारत उभी होती. डांबरी कागदाने मढविलेल्या त्या काळ्या इमारतीचे छप्पर उघडता येई आणि सूर्यप्रकाश नेमका आत पडावा म्हणून ती सबंध इमारत रुळांवर फिरविता येई. लोक तिला 'ब्लॅक मारिया' म्हणत. २४ सप्टेंबर १८९४ रोजी या इमारतीत काही लाकोटा पुरुष व मुले नाचली आणि कॅमेऱ्याने त्यांस टिपले. 'बफेलो बिल' या नावाने प्रसिद्ध असलेल्या विल्यम कोडी याचा सर्कशीसारखा 'वाइल्ड वेस्ट' नावाचा खेळ त्या वर्षी न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिन येथे चालू होता. त्या खेळातील ही मंडळी होती. चित्र जेमतेम वीसेक सेकंदांचे. पडद्यावर चित्र पाडण्याची युक्ती तेव्हा प्रचारात आलेली नव्हती. पेटीच्या भोकास डोळा लावून एका वेळी एकानेच ते पाहावयाचे.

या चित्रांपैकी एकास नाव दिले होते 'सू लोकांचे भूतनृत्य'. 'सू' हे लाकोटांस बाहेरच्यांनी दिलेले नाव. या नावामागील इतिहास ध्यानात घेतल्याखेरीज चित्राचा अर्थ लागत नाही. १८८९ च्या सुमारास नेवाडा प्रांतातील पायूट जमातीच्या वोवोका नावाच्या पुरुषास एक दृष्टांत झाला. सर्वांनी वर्तुळ करून, हात धरून, प्रार्थनापूर्वक नाचावे. म्हणजे मेलेले आप्त परत येतील, गव्यांचे नाहीसे झालेले कळप परततील, अशी ती शिकवण होती. भूमी गेलेल्या, अन्नास मोताद झालेल्या जमातींत ही शिकवण वणव्यासारखी पसरली. सरकारास तिच्यात बंडाचा वास आला. २९ डिसेंबर १८९० रोजी दक्षिण डकोटातील वूंडेड नी या ओढ्याकाठी सैन्याने लाकोटांच्या एका तळावर गोळीबार केला. अडीचशेहून अधिक माणसे ठार झाली व त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती.

या घटनेस चार वर्षेही झाली नव्हती, तोच त्या नृत्याचे नाव लावून वीस सेकंदांचे चित्र करमणुकीसाठी विकले जाऊ लागले. त्यातील नाच पाहता तो प्रार्थनेचा नाचही दिसत नाही. हात धरलेले नाहीत, स्त्रिया नाहीत. उघड्या अंगांची, मण्यांनी व पिसांनी सजलेली मंडळी अरुंद जागेत दाटीवाटीने उड्या मारीत आहेत. माणसे खरी, त्यांचे अंगावरचे अलंकार खरे, परंतु चित्रावरील चिठ्ठी मात्र दुकानदाराने लिहिलेली. हा भेद विद्यार्थ्यांनी येथेच मनात पक्का करून ठेवावा, कारण पुढील प्रत्येक उदाहरणात तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

पुठ्ठ्याचे मुखवटे

करमणुकीच्या धंद्याप्रमाणेच विद्वानांनीही हे नवे यंत्र लवकरच हाती घेतले. १८९८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील अल्फ्रेड हॅडन हा संशोधक ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीतील मेर या बेटावर गेला. त्याने आपल्याबरोबर चलच्चित्रांचा कॅमेरा नेला होता. त्या मोहिमेतील सुमारे चार मिनिटांचे चित्रण आजही शिल्लक आहे. त्यात बेटावरील लोक काठीवर काठी घासून अग्नी पाडताना दिसतात आणि मालो-बोमाई या पवित्र विधीतील नृत्य करताना दिसतात.

परंतु हा विधी त्या वेळी प्रत्यक्षात बंद पडलेला होता. १८७१ पासून त्या बेटांवर ख्रिस्ती धर्मोपदेशक येऊ लागले होते व जुने मुखवटे नाहीसे झाले होते. तेव्हा हॅडनच्या विनंतीवरून बेटकऱ्यांनी पुठ्ठ्याचे मुखवटे पुन्हा तयार केले आणि ते घालून नाच केला. मग हे चित्र खोटे मानावयाचे काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुखवटा पुठ्ठ्याचा असला तरी तो कसा असावा हे ठाऊक असलेली माणसे त्या वेळी जिवंत होती आणि पावले कशी पडावीत हेही त्यांस स्मरत होते. आज चालू असलेला विधी म्हणून ते दाखविले असते तर ती फसवणूक झाली असती. आठवणीतून पुन्हा उभे केलेले म्हणून पाहिले तर तोच अमोल ठेवा ठरतो. पुढे याच मेर बेटावरील एडी माबो व त्याचे सोबती यांनी आपल्या जमिनीच्या हक्कासाठी दावा लावला. इंग्रज येण्यापूर्वी ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती हे जुने तत्त्व ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी मोडीत काढले आणि बेटकऱ्यांचा हक्क मान्य केला. माबो स्वतः तो निकाल ऐकावयास उरला नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत त्याचे निधन झाले होते. ज्यांस लयास चाललेले लोक समजून चित्रबद्ध केले, त्यांच्याच वंशजांनी एका खंडाचा कायदा बदलविला!

धंदा आणि निषेध

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चित्रपटगृहे गावोगाव निघाली आणि 'इंडियन' कथांस मोठी मागणी आली. या काळाविषयी एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. आरंभीच्या काही वर्षांत मूळ रहिवाशांपैकी काहीजण केवळ नट म्हणून नव्हे तर दिग्दर्शक म्हणूनही काम करीत होते. जेम्स यंग डियर याने १९१० मध्ये 'व्हाइट फॉन्स डिव्होशन' हा लघुपट केला. त्याची पत्नी लिलियन सेंट सिर ही हो-चंक जमातीची असून 'रेड विंग' या नावाने ती पडद्यावर गाजली. यंग डियरच्या त्या लघुपटात एका गोऱ्या वसाहतवाल्याची मूळ रहिवासी पत्नी, पती आपणास सोडून जाईल या भयाने स्वतःवर शस्त्र चालविते. परंतु ती वाचते आणि कुटुंब पुन्हा एकत्र येते. चारच वर्षांनी, १९१४ मध्ये, सेसिल डीमिल याचा 'द स्क्वॉ मॅन' हा लांब चित्रपट निघाला. त्यातही अशाच पत्नीची भूमिका होती व ती रेड विंगनेच केली. मात्र या कथेत ती स्त्री अखेरीस आत्महत्या करिते. चित्रपटाच्या नावातील 'स्क्वॉ' हा शब्दही तेथील स्त्रिया आज अपमानकारक मानतात. नटी तीच, दुःखाचे कारणही जवळजवळ तेच; परंतु पहिल्या कथेत तिला जगावयास जागा होती, दुसरीत ती उरली नाही. पुढील कित्येक वर्षे मोठ्या चित्रपटसंस्थांनी दुसरीच वाट धरिली.

हे सर्व मूळ रहिवाशांनी मुकाट्याने सोसले, असे मात्र समजू नये. १९११ मध्येच काही जमातींच्या प्रतिनिधींनी वॉशिंग्टन येथे जाऊन, चित्रपटांत आपले विकृत दर्शन घडविले जाते अशी तक्रार सरकारदरबारी केली होती. याहूनही विलक्षण प्रसंग १९१३ चा आहे. म्हाताऱ्या बफेलो बिलने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लाकोटांच्या पाइन रिज या राखीव प्रदेशात एक युद्धपट काढावयास घेतला. सरकारने त्यास घोडदळ दिले. वूंडेड नीचा प्रसंग त्याच जागेवर, त्याच ओढ्याकाठी पुन्हा रचण्यात आला. मृतांचे आप्त जेथे पुरले होते, तेथे त्यांच्याच लोकांनी पडून मरण्याचा अभिनय करावयाचा होता. चाँसी यलो रोब या लाकोटा शिक्षकाने १९१४ मध्ये मूळ रहिवाशांच्या परिषदेपुढे भाषण करून अशा खेळांचा व चित्रपटांचा कडक शब्दांत निषेध केला. तो चित्रपट आता बहुतांशी नष्ट झाला आहे.

१९१३ हे वर्ष आपल्याही परिचयाचे आहे. त्याच वर्षी ३ मे रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहताना आपले राम-कृष्ण पडद्यावर केव्हा दिसतील, असा विचार फाळके यांच्या मनात आला आणि त्यातून हिंदी चित्रपटाचा जन्म झाला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यांस तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. साळुंके नावाच्या पुरुषास लुगडे नेसवून वेळ निभावावी लागली. परंतु कथा आपली होती आणि ती कशी सांगावयाची हे ठरविणारा मनुष्यही आपला होता. मुंबईस हे भाग्य लाभले त्याच वर्षी पाइन रिज येथे लाकोटांच्या वाट्यास काय आले, हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कॅमेरा कोणाच्या हाती आहे या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते.

कर्टिसची गलबते

एडवर्ड कर्टिस हा नामांकित छायाचित्रकार. उत्तर अमेरिकेतील जमातींची छायाचित्रे व माहिती यांचे वीस खंड त्याने १९०७ पासून १९३० पर्यंत प्रसिद्ध केले. १९१४ मध्ये त्याने 'इन द लँड ऑफ द हेड हंटर्स' हा चित्रपट पुरा केला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व लोकांनी त्यातील सर्व भूमिका केल्या. कथा प्रेमाची, मांत्रिकाची आणि शिरे कापून नेणाऱ्या शत्रूंची होती. ती कर्टिसने प्रेक्षकांस खेचण्यासाठी रचली होती. पुरुषांस केसांचे टोप घातले, देवदाराच्या सालीची जुनी वस्त्रे नव्याने विणवून घेतली. देवमाशाची शिकार दाखविण्यासाठी मेलेला देवमासा भाड्याने आणला. त्या लोकांत देवमाशाच्या शिकारीची परंपराच नव्हती. चित्रपटास प्रेक्षक मिळाले नाहीत आणि कर्टिसला मोठी खोट आली.

परंतु या बनावट कथेच्या आत काय साठविले गेले ते पाहा. त्या काळी कॅनडाच्या कायद्याने 'पॉटलॅच' नावाच्या महोत्सवास बंदी होती. या महोत्सवात यजमान आपली संपत्ती पाहुण्यांस वाटतो. नावे, हक्क, वारसा यांची घोषणा होते. मुखवट्यांची नृत्ये होतात. १८८५ मध्ये अमलात आलेली ही बंदी १९५१ पर्यंत टिकली. १९२१ च्या नाताळात असा महोत्सव केल्याबद्दल कित्येकांस तुरुंगात घातले व त्यांचे मुखवटे जप्त केले गेले. जे नृत्य गावात करणे गुन्हा होता, तेच कॅमेऱ्यापुढे करावयास मोकळीक मिळाली. जॉर्ज हंट या स्थानिक जाणकाराने नट जमविले, त्याच्या घरच्या स्त्रियांनी वस्त्रे विणली, लोकांनी आपली भव्य गलबते पाण्यात आणली. एका लांब गलबताच्या नाळेवर मुखवटा व पंख घालून उभा असलेला नर्तक, मागे वल्ही मारणारे लोक आणि गलबत किनाऱ्याकडे सरकत आहे, हे त्या चित्रपटातील दृश्य विसरणे कठीण आहे.

चित्रपट विस्मृतीत गेला. त्याची खराब झालेली एक प्रत शिकागोच्या एका संग्रहालयाच्या हाती आली. दोन अभ्यासकांनी ती नीट जुळवून, क्वाक्वाकावाक्व लोकांस दाखवून, त्यांच्याच आवाजातील गाणी व संभाषणे तीवर घालून, १९७३ मध्ये ती नव्या नावाने प्रसिद्ध केली. नव्या नावात 'शिरे कापणाऱ्यांच्या' जागी 'युद्धनौकांचा' उल्लेख आला. जप्त केलेल्या मुखवट्यांपैकी पुष्कळसे पुढे परत मिळाले. ते ठेवण्यासाठी अलर्ट बे येथे १९८० मध्ये त्या लोकांनी स्वतःचे सांस्कृतिक केंद्र उघडले. २००८ मध्ये मूळ चित्रपट पुन्हा सांधून दाखविण्यात आला, तेव्हा नटांचे वंशज त्याबरोबर रंगमंचावर स्वतः नाचले. कर्टिसची गोष्ट आज त्यांस कोणी विचारीत नाही. पडद्यावरील आजोबांस व पणजीस ओळखणारे लोक मात्र तेथे आहेत.

नानूक आणि अलाकारिअलाक

आता त्या चित्रपटाकडे वळू, ज्याने इनुइटांचे चित्र सर्व जगाच्या मनावर कोरले. रॉबर्ट फ्लॅहर्टी हा मूळचा खनिजांचा शोध घेणारा प्रवासी. हडसन उपसागराच्या परिसरात त्याने पूर्वी पुष्कळ चित्रण केले होते. परंतु १९१६ मध्ये टोरांटो येथे त्याच्या सिगारेटची ठिणगी पडून सुमारे तीस हजार फूट फीत जळून गेली. त्या काळची फीत फार ज्वालाग्राही असे. तो खचला नाही. रेव्हियाँ फ्रेर या लोकरी कातड्यांच्या व्यापारी पेढीने पैसा पुरविला आणि १९२० मध्ये तो पुन्हा उत्तरेस, आज इनुकजुआक नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत गेला. 'नानूक ऑफ द नॉर्थ' ११ जून १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरात लागला आणि त्यास अपूर्व यश मिळाले. वास्तव जीवनाचे दर्शन घडविणाऱ्या अनुबोधपटांचा तो पूर्वज मानला जातो.

नानूक म्हणजे ध्रुवीय अस्वल. हे नाव चित्रपटासाठी दिलेले. नायकाचे खरे नाव अलाकारिअलाक होते. पडद्यावरील त्याच्या पत्नी त्याच्या खऱ्या पत्नी नव्हत्या. बर्फाच्या घरात कुटुंब झोपलेले व जागे होताना दिसते. परंतु खऱ्या घरात कॅमेरा मावेना व उजेड पुरेना, म्हणून मोठे घर बांधून त्याची एक बाजू उघडी ठेवली होती व त्या उघड्या घरात माणसे गारठत झोपेचे सोंग करीत होती. इनुइट तोवर बंदुका वापरू लागले होते. वालरसाची शिकार मात्र फ्लॅहर्टीने भाल्यांनी करविली. सीलशी दोरीने चाललेली झटापट रंगविण्यासाठी दोरीचे दुसरे टोक चित्राबाहेर उभ्या असलेल्या लोकांनी ओढले. व्यापाऱ्याच्या ठाण्यावर नानूक ग्रामोफोनची तबकडी प्रथमच पाहिल्यासारखी न्याहाळतो आणि तिला चावून पाहतो. वास्तविक त्या वस्तीस व्यापाऱ्यांचा व त्यांच्या वस्तूंचा चांगला परिचय होता. १९९० च्या सुमारास इनुकजुआक येथे हा चित्रपट दाखविला असता त्यातील कित्येक प्रसंगांवर तेथील लोक हसले.

हे हसणे ज्या पद्धतीने घेतले पाहिजे त्या पद्धतीने घ्यावे. अलाकारिअलाक फसविला गेलेला भोळा मनुष्य नव्हता, तो कसलेला नट होता. इनुइट सहकाऱ्यांनी फ्लॅहर्टीचा कॅमेरा उघडून साफ केला, बर्फास भोक पाडून फीत धुण्यासाठी पाणी आणले, काय चित्रित करावे याविषयी सल्ला दिला. वालरसाच्या शिकारीसाठी त्यांनी खरोखर जीव धोक्यात घातला. चित्रणाचा काही भाग फ्लॅहर्टीने त्यांस तेथेच पडद्यावर दाखविला, तेव्हा वालरस निसटू नये म्हणून प्रेक्षकांनीच ओरडा केला, असे तो सांगे. म्हणजे चित्रपटाच्या कर्त्यांत त्यांची गणना व्हावयास हवी होती. जाहिरातीत मात्र त्यांचे दर्शन निसर्गाची निरागस लेकरे म्हणून घडले आणि नायकाचे खरे नाव प्रेक्षकांस कळले नाही.

नानूक पुढे दोन वर्षांत शिकारीस गेला असता उपासमारीने मेला, असे फ्लॅहर्टीने जाहीर केले. तो आजाराने, बहुधा क्षयाने, आपल्या वस्तीत मेला असे आता मानले जाते. या दोन मृत्यूंतील अंतर महत्त्वाचे आहे. उपासमारीचा मृत्यू बर्फाच्या माथी मारता येतो, त्यात कोणाचा दोष नसतो. क्षय मात्र बाहेरून आलेल्या माणसांबरोबर त्या प्रदेशात पसरलेला रोग होता. तो चित्रात आणावयाचा तर व्यापारी ठाणेही चित्रात आणावे लागले असते.

या समजुतींचे परिणाम पडद्यापुरते राहत नाहीत. १९५३ व १९५५ मध्ये कॅनडाच्या सरकारने याच इनुकजुआकमधील काही कुटुंबांस सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेस, अतिशीत बेटांवर नेऊन सोडले. तेथे शिकारीवर त्यांचा निर्वाह सुखाने होईल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात तेथील प्राणी निराळे होते आणि हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नसे. बर्फातला मनुष्य कोठल्याही बर्फात सारखाच सुखी असतो, हा समज त्यामागे होता असे आम्हांस वाटते. नेलेल्यांत फ्लॅहर्टीचा इनुइट मुलगा जोसेफीही होता. सरकारने या कृत्याबद्दल २०१० मध्ये क्षमा मागितली.

पाहावयाचे कसे?

इतिहास येथवर आला म्हणजे निराश होण्याचे कारण नाही. कॅनडातील इग्लूलिक येथील इनुइट दिग्दर्शक झकारियास कुनुक याने २००१ मध्ये 'अतानारजुआत' हा चित्रपट इनुक्टिटुट भाषेत निर्माण केला आणि कान येथील महोत्सवात प्रथम कृतीसाठी असलेला 'कॅमेरा दोर' हा मान त्यास मिळाला. त्यातही बर्फाची घरे आहेत, कातडी वस्त्रे आहेत आणि कथाही प्राचीन आहे. परंतु त्यातील माणसे प्रेम करितात, मत्सर करितात, विनोद करितात, आपसांत भांडतात व चुका करून पस्तावतात. जुने दाखविण्यात दोष नसतो, हे यावरून कळून येईल.

विद्यार्थिमित्रहो, यापुढे अशा प्रकारचे कोणतेही चित्र पाहाल तेव्हा मनाशी चार प्रश्न विचारीत जा :

१. कॅमेरा कोणाच्या हाती आहे, आणि पैसा कोणाचा आहे?

२. पडद्यावरील मनुष्यास स्वतःचे नाव आहे काय? की तो केवळ 'एक आदिवासी' आहे?

३. चित्रातील काळ आणि चित्र घेतल्याचा काळ एकच आहे काय?

४. गोष्टीच्या शेवटी त्या लोकांचे काय होते? ते जगतात, मरतात, की नुसते दिसेनासे होतात?

हे प्रश्न दूर देशच्या चित्रांपुरते ठेवून चालणार नाही. आपल्या गोमंतकात गावडा, कुणबी व वेळीप हे समाज राहतात. २००३ मध्ये त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. त्यांची मुले आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर बसतात. असे असता शाळांच्या स्नेहसंमेलनात 'आदिवासी नृत्य' म्हणून काय सादर होते? तोंडास काळे फासलेली, कमरेस पाने गुंडाळलेली, अर्थहीन आरोळ्या ठोकणारी मंडळी एका कल्पित शेकोटीभोवती उड्या मारतात. ही कल्पना कोठून आली? ती कोणत्याही गावातून आलेली नाही. चित्रपटांतून ती आली आणि चित्रपटांनी ती फार जुन्या खेळांतून उचलली. त्या काळ्या इमारतीतील वीस सेकंदांचा नाच, त्यावरील दुकानदाराच्या चिठ्ठीसह, आपल्या रंगमंचापर्यंत असा येऊन पोहोचला आहे. आणि तो पाहताना प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या कुणबी वा वेळीप मुलाच्या मनास काय वाटत असेल, याचा विचार आपणांपैकी किती जण करितात?

यावर उपाय कठीण नाही. पुढील संमेलनात असे नृत्य बसवावयाचे झाल्यास प्रथम त्या समाजातील जाणत्या माणसांकडे जावे. नृत्याचे नाव काय, ते केव्हा करितात, कोणी करावयाचे असते, गाण्याचा अर्थ काय, हे त्यांस विचारावे. एखादे नृत्य रंगमंचावर आणू नये असे त्यांनी सांगितले तर ते आणू नये. आणता येण्याजोगे असेल तर शिकविण्यास त्यांनाच बोलवावे, आणि कार्यक्रमपत्रिकेत नृत्याचे खरे नाव व शिकविणाऱ्याचे नाव छापावे. अलाकारिअलाकचे नाव प्रेक्षकांस कळावयास कित्येक वर्षे लागली. आपल्या शेजाऱ्यांची नावे कळावयास आपणांस एक संध्याकाळही लागणार नाही.